गंगाळाचं माप

"आणि गंगाळ? गंगाळ केवढं होतं?"

अशेर वैरागर थांबला. गेली चाळीस मिनिटं तो बोलत होता आणि कुठे थांबायचं हे त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. ती जागा ही नव्हती.

त्याच्यासमोर, आमचे म्हातारे पाळक दुशिंगबाबा यांच्या खोलीतल्या लाकडी मेजावर, पुठ्ठ्याचा आणि सोनेरी कागदाचा निवासमंडप मांडलेला होता. इस्राएल लोक अरण्यातून चालले होते, तेव्हा देवाची उपासना ज्या तंबूत होत असे, तो हा मंडप. आत देवाच्या कराराचा कोश, कोशावर दयासन नावाचं सोन्याचं झाकण, बाहेर दीपवृक्ष, भाकरीचं मेज, धूपवेदी. अंगणात होमवेदी आणि तिच्याजवळ हात-पाय धुण्याचं गंगाळ. सगळं मापाबरहुकूम. शास्त्रातला एक हात म्हणजे अशेरचे दोन सेंटिमीटर.

बाबांना आता दिसत कमी होतं. ते एकेक वस्तू हातात घेऊन बोटांनी बघत होते आणि खूश होत होते.

"मेज कशाचं म्हणालास?"

"बाभळीच्या लाकडाचं, वरून सोन्याने मढवलेलं. लाकूड म्हणजे ख्रिस्ताचं मनुष्यपण. सोनं म्हणजे त्याचं देवपण."

"बाभळ!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "आपल्या बांधावरची बाभळ! अरे, शेळ्या खातात ती! देवाला दुसरं झाड सापडलं नाही बघ."

अशेरला हे जरा हलकं वाटलं. त्याने वहीत बघून पुढचं सांगितलं. दीपवृक्ष म्हणजे जगाचा प्रकाश, भाकर म्हणजे जीवन, धूप म्हणजे संतांच्या प्रार्थना, अंतरपट म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, होमवेदी म्हणजे वधस्तंभ. त्याच्या वहीत तीन रकाने होते: वस्तू, माप, अर्थ. एकही घर रिकामं नव्हतं.

अशेर हुशार होता, यात वाद नाही. पाळक होण्याचं शिक्षण घेताना तो वर्गात पहिला आला होता. त्याबद्दल मिळालेलं सुवर्णपदक तो कोटाला लावूनच एसटीतून उतरला, तेव्हा आमच्या खडकमाळच्या स्टँडवर दोघा-तिघांना तो तिकीट तपासणारा साहेब वाटला.

पण खडकमाळला येण्यावाचून त्याला सुटका नव्हती. आमच्या विभागाच्या मंडळाने तशी रीतच घालून दिली होती. पाळकाची दीक्षा घेऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराने तीन दिवस दुशिंगबाबांजवळ राहायचं, रविवारी आमच्या मंडळीपुढे उपदेश करायचा आणि जाताना बाबांची चिठ्ठी घेऊन जायचं. चिठ्ठीत होकार असेल तर दीक्षा. नाहीतर पुन्हा एक वर्ष.

बाबांना लिहिता येईनासं झाल्यापासून चिठ्ठी ते तोंडी सांगत आणि उमेदवार ती आपल्याच हाताने लिहीत असे. मागचे दोघे 'अजून एक वर्ष थांबावे' हे स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून घरी गेले होते.

अशेरची आई तिकडे त्याच्या दीक्षेसाठी नवं पातळ घेऊन बसली होती. त्याला ही चिठ्ठी हवीच होती.

"सांग की," बाबा म्हणाले. "गंगाळ केवढं?"

"दीड हात उंच, दोन हात रुंद."

"असं लिहिलंय शास्त्रात?"

अशेरने वहीतल्या त्या घरावर बोट ठेवलं.

"...नाही. बाकी बहुतेक सगळ्यांची मापं दिली आहेत. गंगाळाचं दिलेलं नाही. मी होमवेदीच्या प्रमाणात काढलं."

"शाईने लिहिलंस?"

"पेन्सिलीने."

"शहाणा आहेस." बाबा हसले. "बरं, केलं कशाचं होतं ते?"

इथे अशेर पुन्हा घोड्यावर बसला. "पितळेचं. पितळ म्हणजे पापाचा न्याय. मंडपाच्या दाराशी ज्या बायका सेवा करत, त्यांनी आपले पितळी आरसे दिले. ते आटवून गंगाळ केलं. याचा अर्थ..."

"थांब, थांब. आरसे देऊन टाकले?"

"हो."

"सगळे?"

"असं दिसतं."

बाबांनी पुठ्ठ्याचं ते इवलंसं गंगाळ तळहातावर घेतलं. त्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"मग त्यानंतर त्या बाया तोंड कशात बघायच्या?"

अशेरने वही चाळली. मागची पानंही चाळली.

"हे कुठे दिलेलं नाही, बाबा."

"म्हणून तर तुला विचारतोय. दिलेलं असतं तर मी वाचून घेतलं असतं."

*

शनिवारी सकाळी अशेर उत्तर घेऊन आला. बाबा दारात बसून चहात खारी बुडवत होते.

"त्या बायांनी तोंड बघणंच सोडून दिलं," अशेर म्हणाला. "आरसा म्हणजे अहंकार. तो त्यांनी देवाच्या चरणी वाहिला. मग पुन्हा बघायचं कारण काय?"

"वा! फार सुंदर." बाबांनी खारीचा तुकडा संपवला. "माझा संसार बावन्न वर्षांचा झाला. आमच्या बाई मोठ्या प्रार्थनेच्या होत्या. पण आरशात बघितल्याशिवाय त्या कधी उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. तुझं लग्न व्हायचंय ना अजून?"

"...हो."

"मग उत्तर राहू दे. पुन्हा विचार कर."

दुपारी अशेर दुसरं उत्तर घेऊन आला. या वेळी त्याची खात्री होती.

"देवाचं वचन हाच आरसा. माणसाचं खरं रूप त्यात दिसतं. त्या बायांनी पितळेचा आरसा देऊन वचनाचा आरसा घेतला."

बाबांनी जेवता जेवता हात थांबवला. त्यांना खरंच आनंद झाला होता. "हे मात्र उद्या सांग हं! लोकांना आवडेल."

अशेरचा चेहरा उजळला.

"...आणि त्या बायांनी भांग कशात बघून पाडला?"

अशेर ताटावर बसला. बाबांनी ठेचा त्याच्याकडे सरकवला.

खरं सांगायचं तर त्याला राग आला होता. आपण ग्रीक शिकलो, इब्री शिकलो, आणि हे म्हातारबाबा आपल्याला बायकांच्या वेणीफणीत अडकवून ठेवतायत, असं त्याच्या मनात आलं. त्याहून जास्त त्याला भीती वाटत होती. उद्या रविवार, आणि उत्तर नाही. आईचं ते पातळ आणखी वर्षभर घडीतच राहील की काय, असं त्याला वाटू लागलं.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "चिठ्ठी या प्रश्नावर आहे का?"

"छे! प्रश्न माझा आहे. मला चाळीस वर्षं कळलेलं नाही." बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "एक काम कर. आपल्या मंदिराच्या दारात गंगाळ आहे. उद्या सकाळी ते मापून आण. उपदेशात उदाहरण देता येईल."

मापायचं काम म्हटल्यावर अशेरला बरं वाटलं. टेप त्याच्या बॅगेत होतीच.

*

आमच्या खडकमाळच्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, हात-पाय धुतल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. लोक शेतातून, चिखलातून चालत येतात, म्हणून दाराच्या उजव्या अंगाला दगडी ओट्यावर पितळेचं मोठं गंगाळ ठेवलेलं आहे. त्यातून तांब्याने पाणी घ्यायचं, हात-पाय धुवायचे आणि आत जायचं.

तो रविवार उपकारस्तुतीचा होता. घरात नवं धान्य आलं की आम्ही पहिला वाटा मंदिरात आणतो. दारात बाजरीच्या कणसांच्या पेंढ्या होत्या, भोपळे होते, शेंगांची पोती होती, आणि पाय बांधलेली एक कोंबडी देवाच्या घरात यायचं नाही म्हणून ओरडत होती. लहान-मोठे सगळे नवे कपडे घालून आले होते.

गंगाळाभोवती बायांची गर्दी होती. अशेर कोट घालून, पदक लावून, टेप घेऊन तिथे आला.

"जरा बाजूला होता का? मला हे मापायचंय."

बाया बाजूला झाल्या आणि लुगड्याचा पदर तोंडाला लावून बघत राहिल्या.

अशेरने उंची घेतली. एका बाजूने एकवीस इंच भरली. खात्रीसाठी दुसऱ्या बाजूने घेतली तर तेवीस. तिसरीकडून साडेबावीस. त्याने टेप उलटीपालटी करून पाहिली.

"टेपीला काय झालं न्हाई," कोंडाबाई पाटोळे म्हणाली. ती सत्तरीची होती आणि मंदिराची झाडलोट तिच्याकडे होती. "गंगाळच तसं हाय."

"वेडंवाकडं का केलं?"

"केलं न्हाई. व्हत गेलं." कोंडाबाईने गंगाळाच्या कडेवरून हात फिरवला. "ही पट्टी बघा. ही खालची, पयल्या बायांची. मंदिर बांधलं तवाच्या. मग ही दुसरी. ही तिसरी. मंडळीत नवी सून आली की ती माहेराहून एक पितळंची वस्तू आणती. फुलपात्र म्हना, डबी म्हना, काय बी. पुरेशी साठली की तांबट येतो. आटवून, ठोकून पट्टी करतो आन् वरून रिबिटा मारतो. तिसऱ्या पट्टीत पाळीनबाईंची लोटी हाय. आमच्या बाबांच्या मालकीनबाईंची. बाबा रोज सकाळी तिथं हात लावत्यात."

अशेरने पायरीकडे पाहिलं. दुशिंगबाबा पायरीवर बसून डोळे मिटून ऊन खात होते. ऐकत होते की नाही, कळत नव्हतं.

"पण मग हे पूर्ण कधी होणार?" अशेरने विचारलं. "म्हणजे शेवटचं माप काय धरायचं?"

कोंडाबाईला प्रश्नच कळला नाही. तिने बाकीच्यांकडे पाहिलं.

"पूर्न?" ती म्हणाली. "आन् पुढल्या साली येणाऱ्या सुनांनी काय करायचं?"

बाया खदखदून हसल्या. अशेरलाही ओठ दाबून धरावे लागले. तो रुंदी घ्यायला गंगाळावर वाकला आणि तसाच थांबला.

पाण्यात त्याला त्याचं तोंड दिसलं. त्याच्या तोंडाशेजारी कोंडाबाईचं तोंड होतं, वर आणखी तीन बायांची होती, आणि एक जण पाण्यात बघत कपाळावरची बट कानामागे सारत होती. सगळ्या हसत होत्या. त्याचं एकट्याचं तोंड बघायचं म्हटलं तर पाण्यात तेवढी जागाच नव्हती.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "एक विचारू? शास्त्रातल्या त्या बायांनी गंगाळासाठी आरसे देऊन टाकले. मग त्या तोंड कशात बघायच्या?"

"गंगाळात!" कोंडाबाई म्हणाली. "आनखी कशात? आन् एकीला एकटीनं थोडंच बघायचं असतं?"

पायरीवरून खोकल्याचा आवाज आला. दुशिंगबाबा डोळे मिटूनच होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

*

तेवढ्यात गलका झाला. भिंगारदिव्यांची नवी सून आली होती, राहेल. लग्नाला महिना झाला नव्हता आणि मंदिरातला तिचा हा पहिलाच सण. तिने लाजत लाजत रुमालाची गाठ सोडली. आत पितळेच्या घुंगरांची एक माळ होती.

"शाळेत लेझीमला बांधायचे मी," ती म्हणाली. "चालतील का?"

चालतील का म्हणजे काय! कोंडाबाईने माळ घेतली आणि सगळ्यांदेखत खणाखणा वाजवली. मग ती दुसरीच्या हातात गेली, मग तिसरीच्या. पितळ आटायच्या आधी प्रत्येकीला ते एकदा वाजवून घ्यायचं होतं. दारात नुसता घुंगरांचा आणि हसण्याचा आवाज भरून राहिला. पाय बांधलेली कोंबडीसुद्धा गप्प झाली. राहेल आधी रडली आणि मग सगळ्यांबरोबर हसायला लागली.

माळ फिरत फिरत अशेरपर्यंत आली. त्यानेही वाजवली.

"आन् तुम्ही काय आनलं?" कोंडाबाईने त्याला विचारलं.

"मी? मी पाहुणा आहे, मावशी."

"नवरी बी येती तवा पाव्हणीच असती."

अशेरने खिसे चाचपले. पेन होतं, टेप होती, रुमाल होता. कोंडाबाईची नजर त्याच्या कोटावर गेली.

"ह्ये काय म्हनायचं?"

अशेरचा हात आपोआप पदकावर गेला. ते त्याला वर्गात पहिला आल्याबद्दल मिळालं होतं. ते मिळालं त्या दिवशी तो वसतिगृहात दार लावून आरशासमोर उभा राहिला होता, बराच वेळ. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"हे... हे इथे चालणार नाही," तो म्हणाला. "हे सोन्याचं आहे. सोनं मंडपात आतल्या बाजूला. अंगणात फक्त पितळ."

शास्त्राप्रमाणे ते अगदी बरोबर होतं. कोंडाबाईचा चेहरा उतरला, कारण एवढ्या चांगल्या मुलाला गंगाळात काही टाकता येऊ नये याचं तिला वाईट वाटलं.

"बघू तरी," ती म्हणाली.

अशेरने पदक काढून तिच्या हातावर ठेवलं. नाही कसं म्हणणार?

कोंडाबाईने ते उलटं केलं. टाचणीजवळ नखाने जरा खरवडलं. मग ओट्यावरची तांब्या घासायची राख चिमटीत घेतली, थुंकी लावली आणि अंगठ्याने घासलं. एकदा, दोनदा. उन्हात धरलं.

...

"पितळ हाय!" ती ओरडली. "अवो, पितळ हाय! चालतंय की!"

तिला इतका आनंद झाला की तिने अशेरच्या पाठीवर थाप मारली. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "नशीबवान पोरगा हाय!" आणि ते कुणी टोमण्याने म्हटलं नव्हतं.

अशेर वैरागर उभा होता. क्षणभर त्याला वाटलं, आता आपल्याला रडू येणार. पण आलं ते हसू. आधी नाकातून आलं, मग तोंडातून, मग त्याला ओट्याला धरून खाली बसावं लागलं. तीन दिवसांत तो पहिल्यांदा हसत होता.

"घ्या," तो डोळे पुसत म्हणाला. "घ्या, मावशी. पितळच आहे."

कोंडाबाईने पदक आणि घुंगरांची माळ एकाच रुमालात बांधली.

*

उपदेशाला अशेर उभा राहिला तेव्हा कोटावर टाचणीची दोन बारीक भोकं तेवढी होती. त्याने निवासमंडप मेजावर ठेवला. होमवेदीपर्यंत तो नीट बोलला. गंगाळ हातात घेतलं आणि अडला. मग तो म्हणाला, "याच्याबद्दल मला कोंडाबाईंनी शिकवलं. त्यांनाच विचारा." आणि खाली बसला.

त्यावर कोंडाबाई बसल्या जागेवरून जे बोलली, त्याने सगळं मंदिर पाच मिनिटं हसत होतं. मग भजन झालं आणि लेझीमची घुंगरं रुमालातूनच वाजली.

दुपारी अशेर बॅग भरून बाबांच्या खोलीत आला. एसटीला अर्धा तास होता.

"बाबा, गंगाळाचं माप आणलं नाही मी."

"का रे?"

त्याने वही उघडली, खोडरबर काढलं आणि 'दीड हात उंच, दोन हात रुंद' पुसून टाकलं. बाबा कान देऊन तो घासण्याचा आवाज ऐकत होते. आवाज थांबल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि पानावरचा तो चुरा फुंकून टाकला.

"कागद घे," ते म्हणाले. "चिठ्ठी लिही."

अशेर मेजाशी बसला.

"मंडळास सलाम."

अशेरने लिहिलं.

"उमेदवाराची सगळी वही ऐकली."

तेही लिहिलं.

"गंगाळापुढची जागा कोरी आहे."

पेन थांबलं. अशेरने बाबांकडे पाहिलं. बाबांचं तोंड दाराकडे होतं, जिथून पाण्याचा आणि बायांच्या बोलण्याचा आवाज येत होता. आईचं पातळ अशेरच्या डोळ्यांपुढे आलं. मग त्याने मान खाली घातली आणि तेही लिहिलं, सुवाच्य अक्षरात, कारण ते खरं होतं.

"लिहिलंस?"

"लिहिलं, बाबा."

"...दीक्षा द्या."